साहेबांचा हुकूम आणि रोजेदाराची सही

रमजानचा महिना लागला की प्रश्नांची रीघ लागते. इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? डोळ्यांत औषध घातले तर? टूथपेस्ट चालते का? विसरून घोटभर पाणी प्यायले तर काय? उलेमा न कंटाळता उत्तरे देतात आणि ती द्यायलाही हवीत. पण या पानावर रमजानविषयी लिहितो म्हणून यंदा एका तरुण वाचकाने मला जे विचारले, ते या यादीत बसणारे नव्हते. त्याने लिहिले होते, ‘‘चाचा, रोजा धरून मी ऑफिसात जे काम करतो, त्याने माझा रोजा राहतो का?’’

त्याची परवानगी घेऊन त्याची हकीकत मांडतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हा तरुण एका पतसंस्थेच्या शाखेत लिपिक आहे. शाखेत बऱ्याच वयस्क मंडळींच्या मुदत ठेवी आहेत. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी एसटीतून निवृत्त झालेला वाहक, कोणी आयुष्यभर भाजी विकून चार पैसे गाठीला बांधलेली आजी. घरी पावती हरवेल, उंदीर कुरतडतील म्हणून यांतले काही जण ठेवीची पावती विश्वासाने शाखेतच ठेवून जातात. साहेबांनी अशा तीन पावत्यांवर ठेव तारण कर्ज काढले. ठेवीदारांना त्याचा पत्ता नाही. अर्जावर सह्या आहेत, पण त्या त्यांच्या नाहीत. संगणकावर कर्जाची नोंद लिपिकाने करायची आणि मंजुरी शाखाधिकाऱ्याने द्यायची, अशी तिथली पद्धत. पहिल्या दोन नोंदी या तरुणाने काही न कळता केल्या. तिसऱ्या वेळी त्याला कळले होते. ‘‘अरे, मार्चअखेर मी स्वतः भरून टाकतो. तू फक्त एंट्री मार,’’ साहेब म्हणाले, आणि त्याने ती मारली. आता चौथी पावती टेबलावर आली आहे.

साहेब वाईट माणूस आहे, असे तो कुठेही म्हणत नाही. याला कायम करून घेण्यासाठी साहेबांनीच शब्द टाकला होता. वडील दवाखान्यात असताना रात्री अकरा वाजता पैसे घेऊन तेच आले होते. गावातल्या प्रत्येक सण-समारंभाच्या पावतीपुस्तकात त्यांचे नाव वरच असते.

त्याचे प्रश्न चार. हुकूम साहेबांचा आहे, मग पाप माझे कसे? वर जाऊन सांगितले तर ती गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा, होईल का, आणि तीही रमजानमध्ये? ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायचे का? आणि नोकरी गेली तर घर कसे चालवायचे?

मी मुफ्ती नाही. हा फतवा नाही. पण हे प्रश्न एकट्या मुसलमानाचे नाहीत. कचेरीत, कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात काम करणाऱ्या कोणाही माणसावर असा दिवस येऊ शकतो. म्हणून धर्माने याविषयी काय शिकवले आहे आणि व्यवहारात काय करता येते, हे दोन्ही सोबतच पाहू.

हुकमाची हद्द

‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हे वाक्य आपल्याकडे ढालीसारखे वापरले जाते. याबाबत हदीसच्या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एक तुकडी मोहिमेवर पाठवली आणि त्यांच्यातल्याच एकाला प्रमुख नेमून त्याचे ऐकायला सांगितले. वाटेत प्रमुखाला कशावरून तरी राग आला. त्याने लाकडे गोळा करायला लावली, आग पेटवायला लावली आणि माझा हुकूम मानायचे तुम्हाला सांगितले आहे ना, असे विचारून सोबत्यांना त्या आगीत शिरायला सांगितले. काही जण घुटमळले. आगीपासून सुटका व्हावी म्हणून तर आपण प्रेषितांकडे आलो, मग पुन्हा आगीत कसे शिरायचे, असे ते एकमेकांत बोलू लागले. तेवढ्यात आग विझली आणि प्रमुखाचा रागही निवला. परत आल्यावर ही हकीकत प्रेषितांच्या कानावर गेली. ते जे म्हणाले त्याचा आशय असा, की शिरले असते तर त्यातून पुन्हा कधी बाहेर आले नसते. आज्ञापालन असते ते फक्त चांगल्या गोष्टीत.

या प्रसंगात प्रमुख बेकायदा नेमलेला नव्हता. त्याला मानायचा आदेशही खरा होता. तरीही त्याच्या हुकमाला हद्द होती. सोबत्यांनी बंड केले नाही, प्रमुखावर हात उचलला नाही. ते फक्त आगीत शिरले नाहीत.

आपल्या सरकारी नियमांतही ही हद्द ओळखलेली आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनुसार वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यायचा असतो. तोंडी द्यावाच लागला, तर लगेच लेखी दुजोरा द्यायचा. आणि तो मागून घेणे हे कनिष्ठाचेही कर्तव्य आहे. पतसंस्थेला हे नियम लागू नाहीत, पण त्यामागचा शहाणपणा कुठल्याही टेबलावर कामाला येतो. जो हुकूम कागदावर उतरवायला हुकूम देणाराच तयार नसतो, तो मानण्याआधी दोनदा विचार करावा.

गीबत कोणती आणि साक्ष कोणती

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुरआनच्या ४९ व्या अध्यायात एकमेकांविषयी संशय बाळगणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे या तिन्हींना सक्त मनाई आहे. निंदेला तिथे मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. रोजेदार तर याबाबत आणखी जपतो. या तरुणाची अडचण म्हणूनच खरी होती.

या अडचणीचे उत्तर तेराव्या शतकात इमाम नववी यांनी लिहून ठेवले आहे. दमास्कसजवळच्या नवा गावचे हे विद्वान. ‘रियाजुस्सालिहीन’ हा त्यांचा हदीससंग्रह आजही अनेक मशिदींत नमाजनंतर वाचला जातो. कोणाची उणी बाजू सांगणे गीबत ठरत नाही असे सहा प्रसंग त्यांनी त्यात मोजले आहेत. अन्याय झालेल्याने दाद मागणे, वाईट काम थांबवण्यासाठी मदत मागणे, लोकांना नुकसानीपासून सावध करणे हे त्यांतले काही. सावध करण्याच्या प्रकारात ते अगदी आपल्या विषयावर येतात. एखादा माणूस अधिकाराच्या जागेवर असेल आणि ते काम नीट करत नसेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला ते सांगायला हवे, म्हणजे तो त्याला सुधारेल किंवा बदलेल. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे लिखाण आहे.

पण इमामसाहेब तिथेच एक इशारा देतात, आणि तो तक्रार करणाऱ्याने गाठीला बांधावा. कधी कधी माणूस मत्सरापोटी बोलतो आणि आपण लोकांच्या भल्यासाठीच बोलतो आहोत अशी स्वतःची समजूत करून घेतो. म्हणून आधी स्वतःला विचारावे: साहेबांची खुर्ची मला हवी आहे का? मागच्या वर्षी अडवलेली रजा मनात सलते आहे का? आणि त्याहून महत्त्वाचे, मी जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिले आहे की ऐकले आहे? त्याच ४९ व्या अध्यायात आलेली बातमी पडताळून घेण्याचीही आज्ञा आहे. नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान होईल आणि मग पस्तावावे लागेल.

आपल्या गावांत मात्र उलटाच व्यवहार दिसतो. एखाद्या संस्थेत काही शिजते आहे हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असते. साहेबाने प्लॉट कुठे घेतला, मुलाच्या लग्नात किती उडवले, याची चर्चा रंगते. त्या चर्चेने एकाही ठेवीदाराचा एकही रुपया वाचत नाही. ही गीबत, आणि ती आपण रोज करतो. जिथे सांगितल्याने नुकसान थांबेल, तिथे एक सहीचे पत्र लिहायची वेळ आली की मात्र ‘कशाला कोणाचे वाईट करायचे’ हे आपल्याला आठवते. साक्ष लपवू नका, असे कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि ते कर्जाच्या व लेखी कराराच्या संदर्भातच सांगितले आहे.

मीठ कोणाचे?

खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपल्या मातीचे शिकवणे आहे आणि इस्लाममध्येही उपकार विसरणाऱ्याला चांगले म्हटलेले नाही. रात्री अकरा वाजता आलेला माणूस विसरता येत नाही, विसरूही नये.

तरी हिशेब नीट मांडून पाहू. या तरुणाचा पगार साहेब देत नाहीत. तो कर्जदारांच्या व्याजातून येतो आणि ते कर्ज ठेवीदारांच्या पैशांतून दिलेले असते. म्हणजे पगारातले मीठ भाजीवाल्या आजीचे आहे. तिने पावती शाखेत ठेवली, तेव्हा ती साहेबांच्या नव्हे, संस्थेच्या हाती अमानत म्हणून सोपवली. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. प्रेषितत्व मिळण्याआधी मक्केतले लोक मुहम्मद (स.) यांना ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत आणि आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे ठेवत. पुढे जे विरोधक झाले, त्यांच्यापैकीही काहींच्या वस्तू त्यांच्याकडे होत्या. मक्का सोडायची वेळ आली तेव्हा त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले होते.

साहेबांच्या उपकाराची फेड कशी करायची, याचेही उत्तर आहे. भाऊ अन्याय सोसणारा असो की करणारा, त्याला मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले तेव्हा लोक चक्रावले. अन्याय करणाऱ्याला कसली मदत? त्याचा हात धरून त्याला अन्यायापासून रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा त्यांनी केला. तीन पावत्यांवर थांबलेला माणूस पैसे भरून कदाचित सावरू शकतो. तीस पावत्यांनंतर त्याला सावरणे कोणाच्याही हातात राहत नाही. साहेबांच्या बायकामुलांच्या दृष्टीने पाहिले, तरी चौथी नोंद न करणारा लिपिकच त्यांच्या घराचे भले करतो आहे.

इ.स. ६३२ मध्ये हजरत अबू बकर (र.) पहिले खलिफा झाले. त्यांनी पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले, की मी बरोबर चाललो तर साथ द्या आणि वाकडा चाललो तर मला सरळ करा. वरच्या खुर्चीतला माणूसच खालच्यांना हे सांगतो आहे. टोकणारा माणूस आपल्या विरोधातला नसतो, हे कळायला खुर्चीतल्या माणसालाही मोठे मन लागते.

आपला आणि परका

हे साहेब कोणत्या धर्माचे, हे मी मुद्दाम लिहिलेले नाही. वाचताना प्रत्येकाच्या मनात काही ना काही चित्र आलेच असेल. त्या चित्राकडे एकदा थांबून पाहावे.

साहेब मुसलमान असतील, तर या तरुणाला मोहल्ल्यात ऐकावे लागेल: आपल्याच माणसाला खाली खेचलेस, समाजाची बदनामी केलीस. साहेब हिंदू असतील, तर बाजारात कोणीतरी म्हणेल: बघा, याने मुद्दाम केले. दोन्हीकडे भाजीवाली आजी बाजूला पडते आणि वेगळाच वाद उभा राहतो. मिश्र वस्तीच्या गावात अशी किती प्रकरणे याच भीतीपोटी दडपली जात असतील!

कुरआनने या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. चौथ्या अध्यायाच्या १३५ व्या वचनाचा आशय असा: न्यायावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, आणि समोरचा श्रीमंत आहे की गरीब हे पाहू नका. पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनाचा आशय असा: एखाद्या समाजाविषयी तुमच्या मनात राग असला, तरी त्यामुळे अन्याय करू नका. पहिले वचन आपल्या माणसाला पाठीशी घालण्यापासून अडवते, दुसरे परक्याला विनाकारण अडकवण्यापासून.

चौथ्याच अध्यायात १०५ पासून पुढची काही वचने ज्या घटनेसंदर्भात आली असे भाष्यकार सांगतात, ती घटनाही मदिनेतल्या मिश्र वस्तीचीच आहे. तिथल्या एका मुसलमान घराण्यातल्या माणसाने चिलखत चोरले आणि प्रकरण अंगावर येताच आळ एका ज्यू शेजाऱ्यावर ढकलला. चोराचे भाऊबंद एकवटून आपल्या माणसाची बाजू मांडायला प्रेषितांकडे आले. तेव्हा दगाबाजांची वकिली करू नका, अशी आज्ञा उतरली आणि ज्यू शेजारी निर्दोष ठरला. नवा समाज उभा राहत होता, चहूबाजूंनी संकटे होती, आपल्या माणसाची चोरी उघड होणे गैरसोयीचे होते. तरी निवाडा सत्याच्या बाजूने झाला. समाजाची अब्रू झाकण घालून राखायची नसते, हा धडा मुसलमानाने आधी स्वतः गिरवायला हवा.

भीती खरी आहे

‘हिंमत कर’ असे सांगणे लेखकाला सोपे असते. महिन्याचा हप्ता त्याला भरायचा नसतो. म्हणून भीतीविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरमधून शिकलेले अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या निकृष्ट कामांविषयी आणि गैरप्रकारांविषयी त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र त्यांच्या नावासकट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळी घालून हत्या झाली. न्यायालयात ती लुटीच्या प्रयत्नात झालेली हत्या ठरली. पण गुप्त राहायला हवे होते ते नाव फायलींतून फिरले, ही गोष्ट देशाला लागली. २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी नाव गुप्त ठेवून घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. केंद्राच्या कचेऱ्या आणि सार्वजनिक बँका यांच्यासाठी ती सोय आजही आहे. २०१४ मध्ये अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. त्याची अंमलबजावणी मात्र अजून सुरू झालेली नाही.

दुसरी बाजूही पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. एका बांधकाम समूहाची बुडीत कर्जे लपवण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवल्याचे पोलिसांकडील तक्रारीत नोंदले गेले. इतकी खोटी नावे एकट्या माणसाच्या दोन हातांनी तयार होणे अवघड आहे. बँकेच्या ठेवींना निदान विम्याचे कवच असते. २०२० पासून ते पाच लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवींना ते कवचही नाही. आजीचे पैसे गेले तर गेले.

मग मधला मार्ग कोणता? वाईट गोष्ट दिसली तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनाने, आणि ही शेवटची ईमानची सर्वांत दुबळी पायरी, अशी एक प्रसिद्ध हदीस आहे. आपण बहुतेक जण तिचा उपयोग तिसऱ्या पायरीवर बसून राहण्यासाठी करतो. पण ती वरून खाली सांगितलेली आहे. आधी हाताला काय शक्य आहे ते पाहायचे.

लिपिकाच्या हाताला एक गोष्ट नक्की शक्य असते: नोंद न करणे. त्यासाठी भांडावे लागत नाही, कोणाला चोर म्हणावे लागत नाही. मग जीभ. चूक करणाऱ्याला आधी एकांतात सांगावे, ही धर्माची रीत आहे आणि ती चांगली आहे. पण तिसऱ्याचा पैसा धोक्यात असेल आणि सावध झालेला माणूस कागद नाहीसे करील अशी शंका असेल, तर एकांतातल्या बोलण्यापेक्षा अध्यक्षांना आणि लेखापरीक्षकाला पत्र देणे योग्य. सहकारी संस्थांसाठी वर उपनिबंधकांचे कार्यालय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद आहे. सरकारी कचेरीत लाच मागितली जात असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळी व्यवस्था ठेवावीच लागते. काय पाहिले ते तारीखवार लिहून ठेवावे. संस्थेचे कागद मात्र घरी आणू नयेत. ती दुसरी चूक होईल.

या तरुणापुढे आणखी एक कठीण गोष्ट होती. तिसरी नोंद त्याने जाणून केली होती. साहेबांविषयी सांगायचे तर स्वतःविषयीही सांगावे लागणार. इथे रमजानचा खरा कस लागतो. प्रेषितांनी एकदा सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसाअडका नाही तो, असे सगळे म्हणाले. प्रेषितांनी सांगितले, खरा दिवाळखोर तो, जो अखेरच्या न्यायाच्या दिवशी नमाज, रोजे, जकात असे सगळे घेऊन येईल. पण कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये एकेक करून त्या लोकांना वाटली जातील आणि शेवटी हात रिकामे राहतील. अल्लाहचे देणे अल्लाह माफ करील. माणसांचे देणे, ज्याला हुकूकुल इबाद म्हणतात, त्या त्या माणसाकडेच फेडावे लागते. भाजीवाल्या आजीचे देणे तरावीहच्या वीस रकातींनी फिटत नाही.

चौथी पावती

या तरुणाने चौथी नोंद केली नाही. साहेबांना तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, आजीची सही माझ्यासमोर होऊ द्या, मी लगेच एंट्री करतो.’’ साहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि ‘‘मोठा झालास रे,’’ म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात त्याची बसायची जागा गेली. आता तो रोज्याच्या उन्हात वसुलीच्या फिरतीवर असतो. घरी बायकोला सगळे सांगितले, तेव्हा तिने आधी हप्त्याचा हिशेब मांडला आणि मग फॉल-बिडिंगची कामे वाढवून घेते म्हणाली. एका वकिलाचा सल्ला घेऊन त्याने अध्यक्षांना आणि लेखापरीक्षकाला सहीनिशी पत्र दिले. आपण केलेल्या तीन नोंदीही त्यात लिहिल्या. चौकशी व्हायची आहे. साहेबांनाही आपली बाजू मांडायचा हक्क आहे. दोष ठरेपर्यंत तो हक्क कोणी हिरावू नये.

त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी त्याला कळवले. रोजा कशाने तुटतो, याचे नियम उलेमांना विचार. पण सहरीपासून इफ्तारपर्यंत, कोणी पाहत नसताना तू पाण्याचा घोट घेत नाहीस; तोच संयम तुला त्या टेबलावर उपयोगी पडला. रोजा ज्या कामासाठी असतो, ते काम त्याने केले.

उरलेले काम आपले आहे. ज्यांच्या ठेवी आहेत त्यांनी पावती स्वतःजवळ ठेवावी, वर्षातून एकदा तरी खातेउतारा मागून पाहावा, वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराला सोबत न्यावे. त्यात संस्थेवर अविश्वास नाही. प्रामाणिक कर्मचाऱ्याला त्याने आधारच मिळतो. आणि आपल्या गावात, आपल्या गल्लीत असा एखादा माणूस कधी हळू आवाजात काही सांगू लागला, तर ‘तुला काय करायचंय?’ असे म्हणून त्याला गप्प करू नये. जेवणाच्या सुट्टीत तो एकटा डबा खात असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसावे. ईदला गळाभेट तर आपण सगळ्यांचीच घेतो. अशा माणसाची त्याआधी, त्याच्या अडचणीच्या दिवसांत घ्यावी.